काकूची कार्तिकी

दिवाळीच्या दिवसांत मल्हारगंजातल्या आमच्या माहेरी पाय ठेवायला जागा नसते. पुण्याची ट्रॅव्हल्स पहाटे इंदुरात शिरते, तिच्यातून चुलत भाऊ, त्यांच्या बायका आणि पेंगुळलेली मुलं उतरतात. उज्जैनहून आत्या येते. देवासचे मामा नुसते जेवायला म्हणून येतात आणि मुक्कामच ठोकतात. दिवसा शीतलामाता बाजारात साड्या, बर्तन बाजारात धनत्रयोदशीची खरेदी, आणि रात्री पोटभर जेवण झालं तरी सराफ्यात भुट्ट्याचा कीस नि गराडू खायला निघायचंच. या सगळ्यांना पुरून वर शेजारीपाजारी वाटता येईल एवढा फराळ काकू करायची. अनारशाचे तांदूळ भिजत घालण्यापासून चकलीच्या शेवटच्या घाण्यापर्यंत. हाताखाली आम्ही सगळ्या असायचो, पण तिच्या हातातला झारा कुणाला मिळायचा नाही.

आणि कार्तिक शुद्ध दशमीला हीच काकू पाचवारी साडीवर कॅनव्हासचे बूट चढवून, खांद्याला पिशवी आणि हातात फराळाचा स्टीलचा डबा घेऊन सरवटे बस स्टँडवर उभी. ओंकारेश्वर इंदूरहून सुमारे ८० किलोमीटर. तिथून एकादशीला पंचक्रोशीची पायी यात्रा निघते आणि कार्तिकी पौर्णिमेला तिथेच येऊन पोचते. माझ्या लहानपणी ती महूहून मीटर गेजच्या गाडीने जायची आणि येताना कालाकुंडच्या फलाटावरचा पळसाच्या पानातला कलाकंद आणायची. आता रूळ मोठे करायचं काम चालू आहे, ती गाडी बंद झाली, म्हणून बस.

इंदुरात होळकरांच्या वेळचं पंढरीनाथाचं देऊळ आहे, अख्खा भाग त्याच नावाने ओळखला जातो. आषाढीला ती तिथे जायची. पण कार्तिकीला तिला चालायचं असे. पंढरपुरात लोक चंद्रभागेत उतरतात त्याच दिवशी मी नर्मदेत उतरते, तिथी तर एकच आहे ना, एवढंच तिचं उत्तर. आम्ही त्याला काकूची कार्तिकी म्हणायचो आणि ती परत येईपर्यंत घरात कुठली वस्तू कुठे आहे हे शोधत बसायचो.

माझी आई नोकरीला होती. मला न्हाऊमाखू घातलं, शाळेची वेणी घातली ती काकूने. या वैशाखात ती गेली.

त्यामुळे यंदाची दिवाळी सुतकी. घरात तळण नाही, रांगोळी नाही, दाराशी एक आकाशकंदील तेवढा. तरी माणसं मात्र कधी नव्हती इतकी आली. काकांना एकटं वाटू नये म्हणून जो तो रजा काढून आला. गाद्या कमी पडल्या, अंघोळीला रांगा लागल्या, मुलांनी जिना दणाणून सोडला. फराळ शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणला, रीतच आहे तशी. समोरच्या जैन काकींच्या शंकरपाळ्या, गुजराती बिऱ्हाडाचे मठिये, लोकमान्यनगरच्या मावशींचा चिवडा. वहिनी सगळे डबे ओट्यावर मांडून कुणाचा कुठला ते लिहून ठेवत होती. मसाल्याच्या खणात तिला गेल्या वर्षीच्या कालनिर्णयचं एक पान घडी करून ठेवलेलं सापडलं होतं. त्याच्या मागे काकूने डब्यांचा हिशेब लिहिलेला, कुणाकडे काय गेलं, कुणाचा डबा परत यायचा आहे. सगळ्यांत खाली, पेन्सिलीने: ‘टोकसर – चकली जास्त’. टोकसरला कोण राहतं, ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

भाऊबीजेच्या जेवणात काकांनी मान वर न करता विचारलं, “यंदा डबा जायचा नाही का?”

कुणी बोलेना. दादाने तिचे दिवस केलेले, त्याला वर्ष सरेपर्यंत यात्रा नाही असं गुरुजींनी सांगितलेलं. वहिनीही त्याच घरची. शेवटी आत्या म्हणाली, “लग्न झालेल्या लेकीला कसलं बंधन? ही जाईल.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला आतून फार बरं वाटलं. जायचं मनात होतंच, कुणीतरी जा म्हणायला हवं होतं.

काकूचा स्टीलचा डबा वहिनीने घासूनपुसून भरला. त्यात आमच्या घरचं काहीच नव्हतं. चार घरच्या चकल्या एकमेकींना टेकून बसलेल्या, काही काटेरी, काही गुळगुळीत.

एकादशीला पहाटे गोमुख घाटावर पाणी चांगलंच गार होतं. अंधारातच बायकांचे घोळके उतरत होते, दर डुबकीला “नर्मदे हर!” घाटावर निमाडी, हिंदी, मराठी सगळं एकदम ऐकू येतं. बऱ्हाणपूर-खंडव्याकडच्या मराठी बायका टाळ घेऊनच आलेल्या. अंघोळ, पूजा, लहानशा बाटलीत नर्मदेचं जल, की पावलं सनावदकडे वळतात. तिकडे घरोघरी ऊस उभे करून, बोरं-भाजी-आवळे ठेवून ग्यारसीचा, म्हणजे एकादशीचा, देव उठवायची तयारी, आणि रस्त्यावर आम्ही. उपासाचा दिवस म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर साबुदाण्याची खिचडी, केळी, चहा. कुणी नाव विचारत नाही, नुसतं “बैठो माताजी” म्हणून सतरंजी पुढे करतात.

काकूच्या नेहमीच्या सोबतिणी मला घाटावरच भेटल्या. डबा बघूनच ओळखलं त्यांनी. मग सनावदपर्यंत त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते. काकू सगळ्यांच्या पुढे चालायची म्हणे. पाय दुखायला लागले की मुद्दाम गोष्ट सुरू करायची. आणि नकला! देवासचे मामा तिसऱ्यांदा आमरस वाढून घेताना कसे ‘नको नको’ म्हणतात, ते ती करून दाखवायची तेव्हा अख्खी पंगत लोळायची. मी थांबलेच. आमच्या घरात काकूला नक्कल करताना कुणी पाहिलेलं नाही. घरी तिचं बोलणं म्हणजे ‘दूध उतू जातंय’, ‘पाहुण्यांना पाणी दे’, ‘पोरांनो, खाली या’. इथे या बायकांकडे मात्र तिच्या धारच्या माहेरचे, किल्ल्याच्या बाजूला पतंग उडवण्याचे किस्से होते, आणि त्या ते मला सांगत होत्या, जणू मी परकी आणि त्या घरच्या.

थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण चालता चालता ते कमी होत गेलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, कमरेला झोळी बांधलेल्या बाया वेचणी करत होत्या, त्या मान वर करून “नर्मदे हर” म्हणायच्या आणि पुन्हा बोंडाकडे वळायच्या. त्या रस्त्यावर काकूला कुणी ‘अगं, ऐकलंस का’ म्हणून हाक मारणारं नव्हतं. वर्षभर सगळ्यांचं करणाऱ्या बाईला इथे लोक पुढ्यात द्रोण ठेवून वाढत होते. त्यासाठी ती चालत होती असं मी म्हणणार नाही, तिची भक्ती खरी होती. पण हे दिवस तिचे स्वतःचे होते, आणि आम्ही त्याबद्दल तिला कधी धड विचारलंसुद्धा नाही, याची मला तिथे फार खंत वाटली.

टोकसरला एका अंगणात शेंगा वाळत घातलेल्या होत्या. सोबतिणींनी मला पुढे केलं. साठी उलटलेल्या घरधनिणीने आधी डबा पाहिला, मग मला, मग माझ्या मागे.

“इंदौरवाली बाई नहीं आईं?”

मी सांगितलं. ती मटकन ओट्यावर बसली. बराच वेळ नुसता पदर चाचपत राहिली. मग तिने डबा मागितला, उघडला, एक चकली मोडून तोंडात टाकली आणि म्हणाली, “ये बाई के हाथ की नहीं है.” मी सुतकाचं सांगितलं, चार घरच्या आहेत म्हटलं. तिने मान हलवली आणि आतून एक कापडी पिशवी आणली. तोंड सुतळीने बांधलेली, शेंगांनी भरलेली. बाई येणार म्हणून आधीच भरून ठेवलेली. दर वर्षी काकू आणायची त्या शेंगांची चटणी आमच्याकडे पार संक्रांतीपर्यंत पुरायची, आणि आम्हाला वाटायचं की ती सनावदच्या बाजारातून घेते.

तिची नात खंडव्याला नर्सिंग शिकते. दहावीनंतर तिचं लग्न ठरवायला निघाले होते, तेव्हा बाईने याच ओट्यावर बसून तिच्या आजोबांशी वाद घातला, फॉर्मही बाईनेच भरला. एका वर्षी त्यांच्या मुलाच्या मोटारसायकलवर बसून बाई रावेरखेडीला बाजीराव पेशव्यांची समाधी बघून आली. १७४० साली बाजीराव तिथे नर्मदाकाठी गेले हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं, पण घरातलं माणूस तिथे जाऊन आल्याचं मला टोकसरला कळलं.

पलीकडच्या तीरावर बडवाहच्या मुक्कामात माझ्या टाचेला मोठा फोड आला. बऱ्हाणपूरच्या एका आजींनी सुईत दोरा ओवला, सुई दिव्यावर धरली, फोडातून आरपार काढली आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्याने झिरपतं, कातडी जागच्या जागी राहते. “हे मला तुझ्या काकूने शिकवलं,” त्या म्हणाल्या. टोकसरला न आलेलं रडू मला तिथे आलं. आजींनी रडू दिलं आणि दुसरी टाच पुढे करायला सांगितली.

सिद्धवरकूटपर्यंतची चाल सोपी गेली. पौर्णिमेला ओंकारेश्वरात इतकी गर्दी की झुलत्या पुलावर खांद्याला खांदा. बाटलीतलं जल मी ममलेश्वराला वाहिलं. अहिल्याबाईंनी लावून दिलेली पार्थिव लिंगांची पूजा तिथे अजून चालते, मातीची इवलीशी लिंगं घडवायची, पुजायची आणि नर्मदेत सोडायची. काकू तिथे बराच वेळ बसायची असं सोबतिणी म्हणाल्या. मीही बसले.

इंदूरला पोचले तेव्हा पुण्याची मंडळी गेलेली होती, गाद्या गच्चीवर उन्हात पडल्या होत्या. शेंगांची पिशवी मी काकांसमोर ठेवली. त्यांनी सुतळी सोडली, एक शेंग फोडली आणि विचारलं, “नात आता दुसऱ्या वर्षाला असेल ना? आणि त्या आजोबांचा गुडघा?”

मी बघतच राहिले. त्यांना सगळी माणसं माहीत होती. आल्यावर रात्री ती त्यांना एकेक मुक्काम सांगायची, इतकी वर्षं. ते स्वतः कधी गेले नव्हते, पण वाटेवरचं कुठलं घर रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे हे त्यांनी मला सांगितलं. मग मी सनावदपासून सुरुवात केली, आणि नकलांचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मामांची ना? माझीही करायची.”

दादा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, पुढच्या कार्तिकात आपलं वर्ष झालेलं असेल, मी येतो. वहिनी ओट्यावरून रिकामे डबे गोळा करत होती. तिने ते खाली ठेवले आणि म्हणाली, “तुम्ही घरी थांबा. बाबांचं जेवणखाण बघा, पाहुण्यांच्या गाद्या आत घ्या. पुढच्या वर्षी चकल्या मी करणार आहे, तेव्हा डबा घेऊन मीच जाईन.” आणि माझ्याकडे वळून बुटांचा नंबर विचारला.