गिलावा कोणी काढला?

जुन्या गोव्यात मी मराठी गटांना घेऊन फिरतो. बस थांबते, टोप्या काढायला सांगायच्या, बॉम जेझूस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी दाखवायची, समोरच्या से कॅथेड्रलकडे वळायचं. बॉम जेझूसच्या दर्शनी भिंतीसाठी वेळ ठेवला जात नाही. टूर कंपन्यांना फोटो हवा असतो, इमारत नको असते.

त्या दिवशीच्या गटात मालवणकडचे एक वयस्क गवंडी होते. सगळे आत गेले, हे बाहेरच. जांभ्याच्या भोकांत बोट घालून मला म्हणाले, "ह्येचो गिलावो खंय गेलो? कोणी काढल्यान?"

असा प्रश्न मला कोणी विचारत नाही. लाल भिंत बघून सगळे "किती जुनं!" म्हणतात. हे चर्च 1594 मध्ये बांधायला घेतलं, 1605 मध्ये त्याचं अर्पण झालं आणि पुढची साडेतीन शतकं त्यावर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुरक्षक बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली तो उतरवला गेला. पोर्तुगालमधल्या दगडी इमारती अशा उघड्या करायची तिथे पद्धत होती. पण तिथला ग्रॅनाइट वेगळा आणि आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, वेगळा.

मी हे सांगितल्यावर काकांनी मला भिंत वाचायला शिकवली. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर घट्ट होतो, पण त्याच्या भोकांतली माती पावसाने धुपतच राहते. मग चिरा आतून पोकळ होतो. शेजारचं काळ्या दगडातलं नक्षीकाम बघा, म्हणाले, कड अजून धारदार आहे. तो बेसाल्ट वसईहून आणलेला. वसईही तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती. म्हणजे जिथे दगड दिसायला हवा होता तिथे लांबून चांगला दगड आणला आणि जो गिलाव्याखाली जायचा होता तो इथलाच वापरला. इतकी वर्षं ही माहिती मी पाठ म्हणत होतो, पण तिचा असा अर्थ मला कुणी लावून दिला नव्हता.

"मग परत चढवनत कित्या नाय?"

मी सांगितलं, 1986 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं ते याच रूपात, आता लाल रंग हीच ओळख झाली आहे. गिलावा परत करा, अशी मागणी चर्चमधूनही जाहीरपणे झाली आहे. पण त्या रंगावर जीव असलेले लोक ऐकत नाहीत. मला हा हट्ट घातक वाटतो. कोकणातला पाऊस झेलणाऱ्या भिंतीचा अंगरखा काढून तिला सुंदर म्हणणं मला पटत नाही.

काकांना वादात रस नव्हता. सिमेंट अजिबात नको, म्हणाले, भिंतीतला ओलावा आत कोंडेल. फक्त चुना. आधी मागच्या बाजूची एकच भिंत करायची, दोन पावसाळे काढू द्यायचे, मग उघड्या भिंतीशेजारी उभं राहून बघायचं. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला आणि शवपेटी न बघताच ते गटाबरोबर गेले.