आमची वाटचाल : न आलेल्या बोटीसकट

मालवणजवळच्या देवबागच्या खाडीत आम्ही 2011 साली एका फायबर होडीवर पर्यटक फिरवायला सुरुवात केली. दहा माणसांची होडी, एक आउटबोर्ड मशीन, तांडेल म्हणून, म्हणजे होडी चालवायला, माझे चुलतकाका आणि गिऱ्हाईक गोळा करायला मी. कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम, त्सुनामी आयलंड, भोगव्याचा किनारा आणि नशीब असलं तर निवतीच्या बाजूला डॉल्फिन, एवढाच फेरा. 2014 मध्ये दुसरी होडी घेतली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही; हप्ते वेळेवर फिटले.

सांगायचं आहे ते तिसऱ्या बोटीबद्दल, जी आमच्याकडे आलीच नाही.

वीस-बावीस जणांचा ग्रुप आला की आम्हाला तो दोन होड्यांत वाटावा लागे. डॉल्फिन दिसत पुढच्या होडीतल्यांना, आणि भांडत मागचे. म्हणून 2017 च्या जूनमध्ये एका दलालाचा फोन आला तेव्हा मी जेवता जेवता उठलो. गोव्यात शापोऱ्याला चोवीस माणसांची बोट होती, दोन मशीनची. मालक धंदा आवरत होता. मागणी नऊ लाख.

काका आणि मी भर पावसात मित्राच्या गाडीने गेलो. बोट झापांखाली ओढून ठेवलेली होती. दलाल मशीनचं कौतुक सांगत होता, तेवढ्यात काकांनी खिशातलं नाणं काढून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागेपर्यंत ठोकत नेलं. सगळीकडे टणटणीत. मागच्या फळीपाशी मात्र, जिथे मशीन टांगतात तिथे, आवाज बद्द आला. फायबरच्या आत लाकूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं, आणि वरून रंग झकास दिसत राहतो.

"बोट पाण्यात बघूक होयी," काका म्हणाले. "जमनीर सगळीच चांगली दिसतत."

त्या पावसात बोट उतरवायला दलाल तयार नव्हता. पन्नास हजार विसार द्या, मग बघू, असं त्याचं म्हणणं. कागदांचं विचारलं तर, "कागद मी करून देतो." जमीन घेतलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल. गोव्याच्या बंदर कप्तान खात्याची ना हरकत, मग आपल्याकडे मेरीटाइम बोर्डाची तपासणी आणि नोंदणी. यातलं काय तो करणार होता आणि काय आमच्या गळ्यात पडणार होतं, ते कळेना. मी आठ दिवस मागितले.

आजवर सगळ्यांना मी मागच्या फळीचंच कारण सांगत आलो. खरं म्हणजे माझ्याकडे दोन लाखच होते. बँकेच्या साहेबांनी जुनी बोट म्हटल्यावर फाईल उघडलीसुद्धा नाही. बायको दागिने द्यायला तयार होती, मीच घेतले नाहीत. फळी कुजकी निघाली तर तिला काय सांगणार होतो?

सहाव्या दिवशी मीच फोन केला. "तुमची वाट बघितली हो," दलाल म्हणाला, "पण काल गेली." काकांना अजून वाटतं, आमचं नाव सांगून त्याने दुसऱ्याचा भाव चढवला. असेलही. आठ दिवस तोंडी मागितले होते. हातावर विसार ठेवला नसताना त्याने तरी का थांबावं?

त्या हंगामात शाळांच्या सहली आम्ही सोडून दिल्या. मग दागिने गहाण ठेवलेच, आणि नवी बोट बांधायला दिली. ती आली 2018 च्या फेब्रुवारीत, नाताळची गर्दी उलटून गेल्यावर. जुन्या बोटीच्या जवळजवळ दुप्पट किमतीला. आज आमचं निम्मं उत्पन्न तिच्यावर आहे, हेही खरं.

ती शापोऱ्याची बोट फार लांब गेली नव्हती. पुढच्या ऑक्टोबरात संगमावर दिसली, निळा रंग दिलेली. काकांनी तिला कठड्याच्या वाकावरून ओळखलं. तिच्या तांडेलाला मी एकदा सहज विचारलं, मागच्या फळीचं काम करावं लागलं का. "नाय ओ, हात पण लावूक नाय."

अजून ती बाजूने गेली की काका हात वर करतात. मी मागची फळी बघतो.