दोन बादल्या पाणी आणि पप्पांची स्प्लेंडर

मावशीकडचा गणपती आटोपून रत्नागिरीहून कोल्हापूरला परत आलो तेव्हा गाडीचा मूळ रंग काळा आहे हे सांगूनसुद्धा कुणाला पटलं नसतं. अंतर जेमतेम १३० किलोमीटर, पण रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम, त्यात आंबा घाटात धो धो पाऊस, आणि कोकणातली ती जांभ्याची लाल माती जी एकदा मडगार्डच्या आत जाऊन बसली की सिमेंटसारखी घट्ट होते. गाडी म्हणजे पप्पांची २००९ ची स्प्लेंडर प्लस, टाकीवर अजून हिरो होंडा लिहिलेली. आधी तेच वापरायचे, आता मी जास्त वापरतो आणि ते फक्त बँक आणि बाजार.

तर गाडी घरीच धुवायची, वॉशिंग सेंटरला नाही, हे आमच्याकडे काही वर्षांपूर्वी ठरलं आणि त्याला कारण आहे. दसऱ्याच्या आदल्या रात्री मी गाडी एका सेंटरवर नेली होती. दसऱ्याला गाडीची पूजा असते त्यामुळे त्या रात्री सगळीकडे रांगा असतात, माझा नंबर लागला तेव्हा घाई एवढी होती की इंजिन गरम असतानाच पाणी मारलं, आधी सगळीकडे डिझेल फवारलं आणि मग प्रेशरची नळी थेट चाकाच्या मधोमध धरली. गाडी चकाचक झाली, झेंडूचा हार घातल्यावर तर एकदम भारी दिसत होती. पण दोन-तीन महिन्यांनी मागच्या चाकातून घर्र घर्र आवाज यायला लागला. मेकॅनिककाकांनी चाक खोललं तर बेअरिंगमध्ये ग्रीसच्या जागी तांबडं पाणी. त्यांनी मला ते हातात घेऊन फिरवून दाखवलं, अडकत अडकत फिरत होतं. बेअरिंगच्या बाहेर रबराचं सील असतं ते धुळीसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी पुरतं, पण एवढ्या जवळून एवढ्या जोरात पाणी मारलं तर सीलच्या कडेतून आत शिरतं आणि मग बाहेर यायला वाट नसते, ते आतच राहून गंज धरतं. डिझेलचं पण तेच, तेलकट मळ झटकन निघतो हे खरं, पण रबरी बुशसारख्या भागांना ते सोसत नाही, रबर फुगतं नाहीतर नरम पडतं, आणि वर जो तेलकट थर राहतो त्यावर दुसऱ्या दिवशी दुप्पट धूळ बसते.

घरी धुवायला मला दोन बादल्या लागतात, वीस लिटरवाल्या, कधी अडीच. पाईप लावून भसाभसा पाणी सोडायची गरजच नसते.

इंजिन थंड होऊ द्यायचं, अर्धा-पाऊण तास तरी. सावलीत लावायची कारण उन्हात साबण धुवायच्या आधीच वाळतो आणि डाग पडतात, बोअरचं पाणी असेल तर बघायलाच नको, क्षारांचे पांढरे ठिपके टाकीवर तसेच राहतात. सायलेन्सरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड, चावीच्या भोकावर चिकटपट्टी. मेन स्टँडवर घेतली की मागचं चाक हाताने फिरवता येतं.

आता मातीचं सांगतो कारण चुका इथेच होतात. सुकलेली माती दिसली की लगेच फडक्याने पुसायचा मोह होतो पण त्या मातीत बारीक खडी असते आणि ती फडक्याखाली आली की पॉलिश पेपरसारखं काम करते, टाकीवर उन्हात गोल गोल जाळ्यासारखे ओरखडे दिसतात ना ते असेच पडलेले असतात. म्हणून आधी नुसतं पाणी, तांब्याने वरून हळूहळू सोडायचं आणि पाच-दहा मिनिटं माती भिजू द्यायची. मडगार्डच्या आतली माती बोटांनी काढायची, खरंच बोटांनीच, कारण वर दिसत नाही तिथे कोपऱ्यात ती ओली राहून पत्रा आतून खाते. मग शाम्पू. गाडीचा शाम्पू एक झाकण बादलीभर पाण्याला बास होतो. कपड्याची पावडर मी पूर्ण बंद केली, ती कडक असते, रंगावरची चकाकी उतरवते आणि स्टिकर पांढरट पडतात. टाकीला जुनी सुती बनियन, हब (चाकाचा मधला भाग) आणि इंजिनच्या फिन्समध्ये (बाहेरच्या पातळ पट्ट्यांमध्ये) रंगाचा दोन इंची ब्रश, स्पोकच्या मुळाशी टूथब्रश. काथ्या आणि तारेची घासणी गाडीच्या जवळसुद्धा आणायची नाही. वरून खाली यायचं, टाकी आधी आणि चाकं शेवटी, आणि चाकाचं फडकं परत टाकीवर न्यायचं नाही.

पेट्रोलच्या झाकणाखाली एक बारीक भोक असतं, पाणी खाली निघून जायला. ते मातीने बुजलं तर पाणी तिथेच साचतं आणि झाकण उघडलं की सरळ टाकीत. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला जाऊन बसतात, मग गाडी सकाळी रुसते आणि आपण प्लग बदलत बसतो. बारीक तार घालून ते भोक मोकळं करायचं, एक मिनिटाचं काम आहे.

समुद्रावर गाडी नेली असेल तर मात्र धुवायला रविवारची वाट बघू नका. गणपतीपुळ्याला हौसेने वाळूत गाडी घालणारे खूप बघितलेत मी. खारं पाणी स्पोक, नट, सायलेन्सरचा खालचा भाग कशालाच सोडत नाही, त्याच दिवशी साध्या पाण्याने खालून नीट धुवायला हवी.

आणि चेन. आमच्या गाडीची चेन कव्हरच्या आत असते त्यामुळे लोक तिला विसरूनच जातात. कव्हरला रबराचं बूच असतं ते काढायचं, गाडी न्यूट्रल, इंजिन बंद (हे महत्त्वाचं आहे, चालू इंजिनवर चेन पुसताना बोटं जातात, कृपा करून करू नका), चाक हाताने फिरवत थोडं थोडं नव्वद नंबरचं गिअर ऑईल सोडायचं. बोटाने वरखाली करून ढिलाई बघायची, एक इंचाच्या आसपास असली की ठीक. काही नवीन गाड्यांना ओ-रिंगवाली, म्हणजे कड्यांमध्ये बारीक रबरी रिंगा असलेली चेन असते, तिला पेट्रोलने धुवू नये, रिंगा खराब होतात.

तर परवा हे सगळं करत पुढच्या चाकापाशी आलो. टूथब्रशने ब्रेकच्या आर्मजवळची (केबल जिला ओढते ती दांडी) लाल माती काढत होतो तर बोटाला काहीतरी टोचलं. बघतो तर ब्रेकची केबल जिथे आर्मला अडकते तिथे तिच्या तारा एकेक करून तुटलेल्या, पिंजारलेल्या, आणि मोजून चार-पाच तारांवर सगळा भार. मातीखाली झाकलेलं होतं त्यामुळे दिसलंच नव्हतं. म्हणजे आंबा घाट मी याच केबलवर उतरलो होतो आणि चढून आलो होतो, भर पावसात, मागे सामान बांधून. फडकं हातात तसंच धरून मी थोडा वेळ खालीच बसून राहिलो. प्रेशरने धुतली असती तर माती गेली असती, गाडी चमकली असती, पण हात काही तिथे पोचला नसता.

केबल त्याच संध्याकाळी आणून बसवली. धुतल्यावर नुसती पुसून ठेवून चालत नाही, ड्रम ब्रेकच्या आत पाणी गेलेलं असतं आणि लायनर (आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) ओले असले की ब्रेक धरत नाही, म्हणून रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत दोन्ही ब्रेक हलके हलके दाबत वाळवायचे. रंकाळा तलावापर्यंत गेलो आणि आलो, तेवढ्यात ब्रेक कोरडे झाले आणि फिन्समधलं उरलेलं पाणीही उडून गेलं.

घरी आलो तर पप्पा दारात उभे होते. त्यांना केबलचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, खाली येऊन गाडीवर बसले, पुढचा ब्रेक दोनदा दाबून बघितला, जुनी केबल माझ्या हातातून घेऊन उजेडात धरून बघितली आणि मग चावी मागितली, दूध आणायला जायचं होतं त्यांना.