शॉवर, पंप आणि दोघांमधली बेवारस जागा

इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला ऊन आधी लागते, पावसाळ्यातली गळती आधी भेटते आणि गच्चीवरची टाकी अगदी डोक्यावर असूनही पाण्याचा जोर मात्र सर्वांत कमी मिळतो. यात कोणाचा पक्षपात नाही, साधा हिशेब आहे. पाण्याच्या १० मीटर उंच स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. आमच्या न्हाणीघरातल्या शॉवरपासून टाकीचा तळ जेमतेम अडीच-तीन मीटर उंच आहे, म्हणजे आमच्या वाट्याला पाव किलोच्या आसपास दाब येतो. तेच पाणी चार मजले उतरून तळमजल्यावर पोहोचते तेव्हा दाब दीड किलोच्या घरात गेलेला असतो. सोसायटीच्या सभेत अधूनमधून कोणीतरी उठून टाकी मोठी बसवावी म्हणजे जोर आपोआप वाढेल, असे ठासून सांगते. दाब टाकीत पाणी किती मावते यावर नाही, तर ते किती उंचावर उभे आहे यावर ठरतो, ही गोष्ट पास्कलने सतराव्या शतकातच मांडून ठेवली आहे. परंतु पास्कल आमच्या सोसायटीचा सभासद नसल्यामुळे त्याचे म्हणणे इतिवृत्तात येत नाही.

या तुटपुंज्या दाबावर उपाय म्हणून आमच्या मजल्यावर बहुतेकांनी अर्ध्या अश्वशक्तीचे प्रेशर पंप बसवून घेतले आहेत. नळ उघडला की हा पंप आपण होऊन सुरू होतो आणि बंद केला की थांबतो. त्याच्या आत पाण्याच्या वाटेत लोहचुंबक बसवलेली एक लहानशी झडप असते. पाणी वाहू लागले की ती ढकलली जाते, चुंबक सरकतो आणि बाहेरच्या बाजूला काचेच्या नळीत बंद असलेल्या दोन पातळ पत्र्या एकमेकींना चिकटून मोटरीला वीज मिळते. मात्र त्यासाठी मिनिटाला निदान दीड-दोन लिटर पाणी आधी स्वतःच्या बळावर वाहावे लागते. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ हे धोरण या पंपापुढे चालत नाही. ज्याला मदतीची खरी गरज आहे, त्याने आधी थोडे चालून दाखवावे, असा त्याचा बाणा आहे.

आमच्याकडे बिघाड झाला तो याच मुद्द्यावर. शॉवरची धार बारीक झाली होती. पंप सुरू होई, क्षणात थांबे, पुन्हा सुरू होई, आणि मधूनच नुसता गुणगुणत राहून तापत असे. प्लंबर आला, त्याने ती गुणगुण ऐकली आणि हे मोटरीचे काम असल्यामुळे इलेक्ट्रिशियनला बोलवा, असा निर्वाळा दिला. इलेक्ट्रिशियनने टेस्टर लावून पाहिला, वीज व्यवस्थित येत असल्याचे सांगितले आणि पाइपात हवा धरली असेल, प्लंबरला दाखवा, असा सल्ला दिला. दोघेही कामात वाकबगार आहेत, आणि पुढे दिसले त्याप्रमाणे दोघांचेही निम्मे निम्मे बरोबर होते. अडचण एवढीच की ही वस्तू अर्धी पाण्याची आणि अर्धी विजेची असल्यामुळे ती पूर्णपणे कोणाचीच नाही. अशा बेवारस जागेत शेवटी घरमालकालाच पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभे राहावे लागते.

दुरुस्तीत हात फार थोडा वेळ चालतात. बराचसा वेळ दोष कुठे नाही हे ठरवण्यात जातो. मी शॉवरचे तोंड काढून ठेवले, उघड्या पाइपाखाली बादली धरली आणि पंपाचे बटण बंद ठेवूनच कॉक उघडला. टाकीच्या स्वतःच्या दाबावर बादली अडीच-तीन मिनिटांत भरली. तेच तोंड परत लावल्यावर मात्र मिनिटभरात धड तांब्याही भरेना. म्हणजे पाइप मोकळा होता, हवाही धरलेली नव्हती. शॉवरच चोंदला होता, आणि पुरेसे पाणी वाहत नसल्यामुळे पंपातली झडप अर्धवट उचलून पुन्हा पडत होती. पंपाच्या धरसोडीचे मूळ पंपात नव्हतेच.

शॉवरची चकती उघडल्यावर आत जे सापडले, ते सर्व पाण्याबरोबर आलेले आणि वाटेत अडलेले होते. जाळीवर बारीक रेती होती, कुठल्याशा जुन्या वायसरचा काळा चुरा होता, टेफ्लॉन टेपची एक विरलेली सुतळी होती, आणि छिद्रांच्या तोंडाशी पांढुरका, टणक थर बसला होता. उन्हाळ्यात पालिकेचे पाणी अपुरे पडले की टाकीत बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी मिसळते, आणि खडकातून मुरून आलेल्या त्या पाण्यातला चुना गरम पाण्याच्या वाटेवर अधिकच बसतो. तो खरवडण्यात अर्थ नसतो, कारण त्याने मुलामा जातो आणि छिद्रे वेडीवाकडी होतात. कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून चकती त्यात बुडवली, तेव्हा प्रत्येक छिद्रातून बुडबुड्यांची एकेक माळ वर येऊ लागली. हा चुन्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड असतो, आणि बुडबुडे मंदावले की काम होत आले असे समजावे. चकती रात्रभर तशीच ठेवू नये, मुलामा काळवंडतो. नंतर सिलिकॉनची बोंडे अंगठ्याने चोळली की उरलेला थर पिठासारखा गळून पडतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना ती आटे फिरण्याच्याच दिशेने गुंडाळावी, नाही तर बसवताना सगळी सुटून पुढे गोळा होते आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी जाळीवर भेटते.

शॉवर सुधारला, पंपाची धरसोड थांबली, पण ती गुणगुण अधूनमधून उरलीच. इथे इलेक्ट्रिशियनचा प्रांत सुरू झाला. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, याची कारणे मुख्यतः दोन असतात: आतला पंखा अडकलेला असतो, किंवा कंडेन्सर उतरलेला असतो. एमसीबी खाली पाडून, मागच्या टोकाच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घालून दांडा फिरवला तर तो सहज फिरला. मग कंडेन्सर काढला. वीज बंद केली तरी त्याच्यात भार साठून राहू शकतो, म्हणून टोकांना हात लावण्यापूर्वी तो बल्बच्या दोन वायरींतून उतरवून घेतला. अंगावर १० एमएफडी, म्हणजे १० मायक्रोफॅरड ही त्याची क्षमता, छापलेले होते, मीटर मात्र चारच्या वर जाईना. एका फेजवर चालणाऱ्या मोटरीला कुठल्या दिशेने फिरायचे हे तिचे तिला ठरवता येत नाही. कंडेन्सर दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह थोडा पुढे-मागे करून तिला ती दिशा देतो. तो दुबळा झाला की मोटर जागच्या जागी कुढत राहते आणि तापते.

नवा कंडेन्सर आणायला पुण्याच्या बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या दुकानात वर्णन करत बसण्यापेक्षा जुना नग काउंटरवर ठेवणे केव्हाही चांगले. दुकानदाराने माझ्याकडे न पाहता तो उलटा करून वाचला आणि मागच्या फळीवरून तसाच एक काढून दिला. आकडा तोच हवा, व्होल्टेज तेच किंवा जास्त चालेल, एवढे दोन नियम त्याने सुटे पैसे मोजता मोजता सांगितले. नव्या कंडेन्सरवर पंपाने पहिल्याच झटक्यात जोर धरला.

आता एकच काम बाकी आहे. पंपाला वळसा घालून जाणाऱ्या बायपास पाइपावरचा एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, थोडे पाणी मागे सोडतो, त्यामुळे पंपाने ढकललेले थोडे पाणी फिरून त्याच्याचकडे परत येते आणि जोर थोडा मरतो. त्याला कुठलीही वायर नाही, त्यामुळे हे काम निःसंशय प्लंबरचे आहे, आणि मी त्याला रविवारी यायला सांगितले आहे.