तिवराचं पान

गोव्यातल्या चोडण बेटावर गेलो तो पक्षी बघायला. गळ्यात उसनी दुर्बीण, डोक्यावर टोपी, खिशात वही, थाट पुरेपूर. रायबंदरहून फेरीबोटीनं मांडवी ओलांडली की लागलंच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य. १९८८ सालचं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. पण आत शिरलं की कांदळवन असं काही मिटून घेतं, की नदी हाकेवर आहे हेही विसरायला होतं.

जानेवारीतली दुपार, त्यात ओहोटी. पक्षी कुठंतरी सावलीला गेले असावेत. मग नजर चिखलात गेली आणि तिथंच रुतली. तिवराची श्वसनमुळं शेकड्यांनी वर आलेली. कुणीतरी उदबत्त्या खोचून पेटवायला विसरलंय जणू. त्यांच्यामधून निवट्या पुढच्या परांवर रेटत, मध्येच टुणकन उडत चाललेल्या. मासा होऊन चालायची एवढी हौस? एकीनं डोक्यावरचे डोळे माझ्याकडे असे वळवले, की मला दुर्बिणीचीच लाज वाटली. पलीकडे एक खेकडा आपली एकुलती मोठी नांगी हलवून कुणाला तरी बोलावत होता. बराच वेळ. कुणी आलं नाही.

आमच्या आजोळी, देवगडकडे, खाडीला असंच बन होतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, हातभर लांबतं आणि मग खाली पडून चिखलात रोवलं जातं. आम्हाला त्याच्या रुजण्याशी देणंघेणं नव्हतं. आम्ही त्याचे भाले करायचो. एक भाला मामाच्या वाळत घातलेल्या धोतरातून आरपार गेला, तेव्हा ते युद्ध कायमचं थांबलं. तिवराचा खेळ मात्र बिनआवाजाचा, म्हणून टिकला. हे झाड खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. उन्हात पान नीट निरखलं तर मिठाचे कण दिसतात. आम्ही ते चाटत हिंडायचो. आजीनं एकदा पकडलं.

"झाडाक कित्याक चाटतंस? घरात मीठ नाय काय?"

होतं की. पण घरचं मीठ बरणीत असायचं.

तर आता वय पन्नाशीला टेकलेलं. अभयारण्यात पान तोडायचं नाही हे मला कळतं, आणि मी तोडलंही नाही. मागेपुढे पाहिलं, फांदी हळूच वाकवली आणि धूळबीळ न बघता जीभ लावली.

तेच! अगदी तेच.

मग दुसरंही चाटलं. खात्री केलेली बरी.

परतीच्या फेरीत शेजारच्या काकांनी दुर्बिणीकडे बघून विचारलं, "काय काय दिसलं मग?"

"खंड्या," मी म्हणालो. निदान तो तरी तिथं असणारच.