कूलरमध्ये कांदे

नवी मुंबईतल्या नेरुळच्या आमच्या गॅलरीत एक लोखंडी कूलर उभा आहे. निळ्या रंगाचा, कमरेएवढा, नागपूरच्या मानेवाड्यातून ट्रकमध्ये बसून आलेला. सामान हलवणाऱ्याने त्याचे वेगळे बाराशे रुपये लावले होते. चढवताना म्हणालाही, 'मॅडम, तिकडे हा चालत नाही.' मला वाटलं, जड वस्तू उचलायचा कंटाळा करतोय. आज त्या कूलरच्या टाकीत पाच किलो कांदे असतात.

जून २०२२ मध्ये आम्ही इथे आलो. नवरा, मी, मुलगी आणि सासूबाई. येण्याआधी मी रीतसर हिशेब केला होता. मी पोटापाण्यासाठी लोकांचीच खाती लिहिते, तेव्हा घरचं खातं लिहायला मला कोण अडवणार? एका बाजूला दोघांच्या पगारातली वाढ, बावीस हजार. दुसऱ्या बाजूला मानेवाड्यातल्या दोन बेडरूमच्या अकरा हजार भाड्याऐवजी नेरुळमधल्या एका बेडरूमचे चोवीस, लाखभर डिपॉझिट, दलालाचं एक भाडं, शाळेची फी. वाणसामान थोडं महाग धरलं. एक स्कूटर विकायची, कारण मला तुर्भ्याला लोकलने जाता येणार होतं, आणि महिन्याचा पास दोन लिटर पेट्रोलच्या आत बसतो. सगळं करून महिन्याला तीनेक हजार उरत होते. हवा नावाचा रकाना त्या वहीत नव्हता. नागपूरकराला हवेचं काय भय? सत्तेचाळीस अंश बघितलेली माणसं आम्ही. मुंबईकडचा चौतीस म्हणजे आमच्याकडची सकाळ.

पहिला धडा ऑक्टोबरातच मिळाला. पाऊस ओसरला, ऊन पडलं आणि अंगाला काहीतरी चिकटून बसलं. कूलर काढला, नवे खस लावले, टाकी भरली, बटण दाबलं. अर्ध्या तासात खोलीचा वाफारा झाला. चादर ओलसर, उशी ओलसर. सासूबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, 'बाप्पा, हा कूलर आहे की इडलीचा कुकर?'

कारण शाळेतल्या विज्ञानातच आहे, फक्त ते पगाराशी जोडून कुणी शिकवलं नव्हतं. कूलर हवा थंड करत नाही, पाणी उडवतो. उडताना पाणी हवेतली उष्णता घेऊन जातं. पाणी किती उडणार, हे हवा किती कोरडी आहे त्यावर. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला, की पारा जिथवर उतरतो ती कूलरची शेवटची पायरी. नागपूरच्या मेमध्ये ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ही पायरी साधारण २४ अंशांवर येते. म्हणजे भट्टीतली हवा खसमधून गेली की सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत उतरते, शिवाय वाळ्याचा वास फुकट. नेरुळच्या मेमध्ये ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के धरा. ओलं फडकं २९ च्या खाली जातच नाही. चार-पाच अंशांसाठी खोलीत अजून ओल भरायची, एवढंच कूलरच्या हाती उरतं.

मग एसी घेतला. दीड टनी, हप्त्यावर. इथे आणि नागपुरात वीज महावितरणचीच, दरपत्रकही तेच, म्हणून बिलाचा फरक फार पडणार नाही असं मी धरलं होतं. पण दर तोच असला तरी पायऱ्या असतात ना: शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत त्याहून बराच चढा, तीनशेनंतर आणखी चढा, आणि सगळ्यावर सोळा टक्के विद्युत शुल्क. नागपुरात रात्रभर कूलर चालवून दोन युनिट जायची. एसी रात्रीला नऊ-दहा खातो. नागपूरचं मे महिन्याचं बिल सोळाशेच्या आसपास यायचं. इथलं पहिलं मेचं बिल ४१२ युनिटांचं, पाच हजार दोनशे आणि वर चिल्लर. वहीतले उरणारे तीन हजार तिथेच विरघळले. एसी फक्त मेमध्ये लागतो असंही नाही. मार्चअखेरीपासून पाऊस येईपर्यंत, आणि पुन्हा ऑक्टोबरात.

ओलीचे बाकीचे खर्च असे एकरकमी येत नाहीत, चोरट्यासारखे येतात. पहिल्या पावसाळ्यात नवऱ्याच्या दोन चामडी पट्ट्यांना आणि माझ्या लग्नातल्या चपलांना हिरवी बुरशी आली. कपाटात कापूर, डांबरगोळ्या, खडूच्या कांड्या, सगळं करून झालं. शेवटी कपाटात छोटा दिवा लावून ठेवायला एका शेजारणीने शिकवलं. मीठ बरणीत दगड होऊन बसतं. रवा आठवड्याचाच आणायचा. कपडे वाळत नाहीत म्हणून मुलीला गणवेशाचे तीन जोड घ्यावे लागले, तिकडे दोनांत भागायचं. बाथरूमचं दार फुगून बंदच होईना, सुताराने रंधा मारून तीनशे रुपये घेतले आणि डिसेंबरात त्याच दाराला बोटभर फट पडली. हे सगळं मिळून किती होतं? पावसाळ्याचे चार महिने मी एकदा प्रामाणिकपणे लिहून काढलं. साडेसहा हजार. फार नाही, पण ते कुठल्याच 'नवी मुंबईत राहायला किती लागतं'वाल्या यादीत नसतात.

आता नागपूरची बाजू घेऊन मी एवढं लिहिलं, तर दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर सासूबाई वाचतील.

मुलीचा नागपुरात दर एप्रिलमध्ये घोळणा फुटायचा. उशीवर रक्त, मग डोक्यावर पाणी, नाकात तूप. इथे आल्यापासून एकदाही नाही. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेने नाकातली त्वचा सुकते, तडकते. वर्षाला दोन-तीन वेळा दवाखाना व्हायचा, तो खर्च मी कधी 'नागपूर' या नावाखाली लिहिलाच नव्हता. तसंच उन्हाळ्यातलं घर. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सकाळी दहानंतर सासूबाई बाहेर पडत नसत. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दिवसा ट्यूबलाइट. संध्याकाळी सात वाजता दार उघडलं तरी भिंती ऊब सोडत असायच्या. इथे त्या मेमध्येसुद्धा साडेपाचला वंडर्स पार्कला निघतात. घाम गाळत जातात, घाम गाळत येतात, पण जातात. चार मैत्रिणी आहेत, त्यातली एक कोकणातली, एक केरळची. मानेवाड्यात त्यांना मे महिन्यात मैत्रिणी नसायच्या, फक्त फोन असायचा.

उन्हाबद्दलची माझी फुशारकी १६ एप्रिल २०२३ ला संपली. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता, लाखो लोक उन्हात बसलेले. उष्माघाताने चौदा जण गेले. पारा अडतीसच्या आसपास होता. नागपूरहून नणंदेचा फोन आला, 'काऊन वं, अडतीसला लोक मरतेत का तिकडे?' तिच्या प्रश्नात अविश्वास होता आणि थोडी कीवही. दहा महिन्यांपूर्वी मीही हेच विचारलं असतं. घाम आला आणि वाळलाच नाही, तर शरीराचा कूलरसुद्धा आमच्या गॅलरीतल्या कूलरसारखाच बंद पडतो. पाऱ्यावरचा आकडा एकटा काही सांगत नाही, हे मला तेव्हा पुरतं कळलं. तेव्हापासून मोबाइलवर तापमान बघताना शेजारची आर्द्रता बघायची सवय लागली आहे.

पावसाचंही तसंच. नवी मुंबईत येताना मला बुडायची भीती होती. भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर शहर वसवलंय हे कळल्यावर तर जास्तच. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने त्यासाठी डच पद्धतीचे धारण तलाव बांधले, भरतीला खाडीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि पावसाचं पाणी तलावात थोपवून ओहोटीला सोडायचं. आमच्या सेक्टरमध्ये आजवर तरी पाणी घरात शिरलेलं नाही. शिरलं ते नागपुरात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि माझ्या मावसबहिणीच्या तळमजल्यावरचा फ्रिज तरंगला. मी नेरुळला कोरड्या सोफ्यावर बसून तिचे व्हिडिओ बघत होते.

हे सगळं आत्ता पुन्हा उकरायचं कारण असं, की नवऱ्याच्या कंपनीने मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या उद्योगनगरीत, जागा घेतली आहे आणि एप्रिलपासून तिकडे जायचं का, असं विचारलं आहे. मूळ पगार तोच, शहराचा भत्ता जाणार. माझी तुर्भ्याची नोकरी सुटणार, तिकडे याच कामाचे साधारण सत्तर टक्के मिळतील. त्या बदल्यात भाडं अर्ध्यावर येईल, आणि खरं आमिष म्हणजे स्वतःचं घर. मानेवाड्याच्या पुढे दोन बेडरूम आमच्या आवाक्यात बसते. नेरुळमध्ये तेवढ्यात पार्किंग मिळेल, असं नवरा म्हणतो. तो अतिशयोक्ती करतो, पण फार नाही. शिवाय इथली जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावरची. जुना फ्लॅट घेतला की सिडकोचं हस्तांतरण शुल्क वेगळं मोजा.

नवऱ्याचं मत झालंय. जायचं. पण त्याचं मत झालं डिसेंबरात, नागपूरला चार दिवस जाऊन आल्यावर. सकाळी स्वेटर, तर्री-पोहे, संत्र्याच्या गाड्या, गच्चीवर कोवळं ऊन. डिसेंबरात नागपूर बघून घर घेणं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये मुलीचा स्वभाव ठरवणं. माझा आता नियमच झालाय, शहर त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात बघायचं. नवी मुंबई जुलैत आणि ऑक्टोबरात. नागपूर नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत.

माझी स्वतःची नवतप्याची आठवण २०२४ ची आहे, चुलतभावाच्या लग्नाची. विदर्भ एक्सप्रेसने सकाळी उतरले, नऊलाच प्लॅटफॉर्म तापलेलं. त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि सगळे ग्रुप पेटले. मग हवामान खात्याने यंत्रात बिघाड असल्याचं सांगितलं. खरा पारा पंचेचाळीसच्या आसपास होता, आणि माणसांच्या चेहऱ्यावर तेवढ्याने दिलासा दिसत होता! दुपारी नळाला हात लावला तर चहाचं पाणी. दुपट्टा तोंडाला गुंडाळून दोन गल्ल्या गेले आणि डोकं धरून परत आले. तीन वर्षं नव्हती झाली सोडून, दोनच झाली होती, आणि शरीर विसरलं होतं.

पण त्या रात्री काकांच्या घरी कूलरसमोर गादी टाकली. खसचा वास, पंपाची टिपटिप, पंख्याची घरघर. नेरुळच्या एसीखाली दोन वर्षांत लागली नाही अशी झोप लागली. सकाळी धुतलेले कपडे दाराशी टाकले, अंघोळ होईपर्यंत कडक वाळले. मी ते हातात घेऊन उगाच उभी राहिले.

परत आल्यावर हे सासूबाईंना मोठ्या कौतुकाने सांगितलं. फुकटात अशी थंडाई, दोन युनिटांत. त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, 'फुकट कुठली? पाणी कोण भरत होतं?'

त्याच भरत होत्या. मानेवाड्यात साठ लिटरची टाकी सकाळ-संध्याकाळ, पाइप पुरत नव्हता म्हणून अर्धी बादलीने. आठवड्याला टाकी घासायची, नाहीतर डास. मार्चमध्ये खस बदलायचे, टुल्लू पंपाचा गाळ काढायचा. आम्ही दोघं संध्याकाळी साडेसातला घरी यायचो तेव्हा खोली थंडच असायची. मला वाटायचं, कूलर चांगला आहे. सात उन्हाळे. एसी आणि कूलरची तुलना करताना मी युनिटं मोजली, खसचे पैसे मोजले, पाण्याचं बिलसुद्धा धरलं. अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या बादल्या कुठल्या रकान्यात लिहायच्या, ते मला खातेवहीतही सुचलं नसतं.

तर सध्या असं ठरलंय की मेच्या शेवटच्या आठवड्यात दहा दिवस सगळ्यांनी मानेवाड्यात, काकांच्या रिकाम्या वरच्या मजल्यावर राहायचं. एसी नाही. नवऱ्याने दुपारी मिहानला जाऊन यायचं, मुलीने दुपारी घरात बसून दाखवायचं, मी तिकडच्या दोन ऑफिसांत मुलाखत देऊन यायची. मग एप्रिलची मुदत वाढवून मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर कंपनीला आमच्याशिवाय मिहान चालवावं लागेल. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे मार्चच्या अखेरीस मोबाइल घेऊन सकाळी आठला बसायचं.

कूलर न्यायचा का, असं मुलीने विचारलं. नेण्याचं भाडं नव्या कूलरच्या जवळपास जातं, शिवाय गेल्या पावसाळ्यात त्याच्या जाळीच्या खिडक्यांमुळे एकही कांदा सडला नाही. त्याला राहू दे इथेच.

सासूबाईंना तिकिटाबद्दल विचारलं. 'येते ना,' म्हणाल्या, 'पण पाणी मी भरणार नाही.'