माकड की माणूस

रविवार, ऐरोली

सहाला शाल गुंडाळून गॅलरीत बसलो. ग्रिलला तीन येरझारा घालून बांधलेली अँटेनाची वायर शाबूत आहे. सोसायटीला ती कपडे वाळत घालायची दोरी वाटते, आणि तो गैरसमज दूर करायची मला घाई नाही.

रेडिओ रिसीव्हर ४० मीटर बँडवर, ७ मेगाहर्ट्झच्या जरा वर. इथे हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले, लोअर साइडबँडवर, म्हणजे सिग्नलची फक्त खालची बाजू पाठवून, बोलतात. साध्या रेडिओवर ते बदकानं गुळण्या केल्यासारखं ऐकू येतं. एसएसबीचं (सिंगल साइडबँडचं) बटण दाबून बारीक ट्यूनिंगचं चाक जरासं फिरवायचं, की बदकाचा माणूस होतो. याचा मला अजून कंटाळा आलेला नाही.

आज केरळातले एक काका खणखणीत येत होते. "नाशिक एट डिग्रीज? व्हेरी कोल्ड! ओव्हर." मग नुसती खरखर. मग पुन्हा काका, पोट धरून हसत: "मंकी ऑर मॅन? ओव्हर."

नाशिक इथून दीडेकशे किलोमीटर, केरळ हजारावर. पण ऐकू येतं केरळच. रात्रभर आयनोस्फिअर, म्हणजे रेडिओचे सिग्नल वाकवून खाली पाठवणारे उंचावरचे थर, विरळ होत जातं. पहाटे तर इतकं, की जवळच्या स्टेशनचा जवळजवळ उभा वर गेलेला सिग्नल आरपार निघून जातो. लांबचा तिरका जातो, म्हणून वाकून खाली येतो. हाती लागतं ते अर्धं बोलणं.

लहानपणी शेजारच्यांच्या फोनवर आई मामाशी बोलायची, तेव्हाही असंच. "हो का? ... मग? ... अगंबाई!" मधलं सगळं मी मनानं भरायचो. मामाचं ऑपरेशन मी असं दोनदा उरकलं होतं.

नाशिककराच्या अँटेनाची वायर कुणीतरी तोडली असावी, असं मी ठरवून टाकलं.

"कुणाशी बोलतोयस?" आईनं चहा आणला.

"बोलत नाही, ऐकतोय."

बोलायला परीक्षा देऊन लायसन्स काढावं लागतं. फॉर्म दोन वर्षं ड्रॉवरमध्ये आहे.

सव्वासातनंतर डोंगरामागून ऊन आलं, शेजारचा मिक्सर सुरू झाला आणि बँडभर खर्रर्र. पण उन्हानं वरचा थर पुन्हा दाट व्हायला लागतो. पावणेआठच्या सुमारास खरखरीतून एक आवाज वर आला, अस्सल मराठी वळणाचं इंग्रजी. नाशिक! चहा तसाच ठेवून कान लावला.

"...सेव्हन्टी थ्री टू ऑल, ओव्हर अँड आउट."

सेव्हन्टी थ्री म्हणजे शुभेच्छा. तारवाल्यांच्या काळापासूनचा आकडा. तेवढाच काय तो ऐकला. केरळही एव्हाना फिकं पडत चाललं होतं. दिवसा आयनोस्फिअरचा खालचा डी थर लांबचे सिग्नल पिऊन टाकतो.

आईला सगळं सांगितलं. तिनं क्षणभर विचार केला.

"माकडच असणार."